‘का आवडतो?’ या प्रश्नाशी अडलेली यादी

वाचकाचं पत्र:

मी एकसष्ट वर्षांची. बँकेतून निवृत्त झाले, गोविंदनगरला राहते. माझी भाची पुण्याला होस्टेलवर आहे, एकोणीस वर्षांची. परवा फोनवर म्हणाली, ‘मावशी, तुझे सगळ्यात आवडते दहा सिनेमे लिहून पाठव. आणि प्रत्येक का आवडतो तेही लिही. सुट्टीत बघणार आहे.’ यादी बसल्या बैठकीला झाली: अशी ही बनवाबनवी, श्वास, डोंबिवली फास्ट, हरिश्चंद्राची फॅक्टरी, लंचबॉक्स, अस्तु, किल्ला, कोर्ट, सैराट. दहावा नटसम्राट लिहिला, खोडला, परत लिहिला. पण ‘का’ लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. सगळ्यांपुढे ‘अभिनय सुंदर, कथा हृदयस्पर्शी’ एवढंच सुचतं. त्यात मुलानं यादी बघितली नि म्हणाला, ‘आई, तू जुन्या काळातच अडकलीयेस. आणि श्वासच्या शेजारी बनवाबनवी? लोक काय म्हणतील!’ आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. नटसम्राट थिएटरात बघताना मी ढसाढसा रडले होते. आता टीव्हीवर लागला की थोड्या वेळानं बंद करते. मग तो माझा आवडता होता की नव्हता? ठेवू की काढू?

— सु., गोविंदनगर, नाशिक

ताई,

मुलाचा आक्षेप आधी निकाली काढू. तुमची यादी जुन्या काळात अडकलेली नाही. ‘बनवाबनवी’ १९८८ चा. तिथून तुम्ही उडी मारलीत ती थेट २००४ च्या ‘श्वास’वर, आणि बाकीचे सगळे सिनेमे त्यानंतरचे आहेत. मधली सोळा वर्षं पुष्कळ मराठी प्रेक्षकांच्या यादीत अशीच कोरी असतात. (मला त्यातला १९९५ चा ‘दोघी’ सोडवत नाही, पण यादी तुमची आहे.) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्याच वर्षी, १९५४ साली, ‘श्यामची आई’ला मिळाला. पुढच्या मराठी सिनेमाला तो मिळायला पन्नास वर्षं लागली आणि तो सिनेमा होता ‘श्वास’. मग मात्र ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ असे लागोपाठ येत गेले. म्हणजे मराठी सिनेमानं जिथून नव्यानं श्वास घेतला, नेमकी तिथूनच तुमची यादी पुन्हा सुरू होते. मुलाला हे सांगा आणि तो विषय सोडून द्या.

आता ‘का’कडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तीच आहे.

‘अभिनय सुंदर’ हे खरंच आहे, पण ते शंभर सिनेमांबद्दल खरं असतं. भाचीला त्यातून काही मिळणार नाही. माझ्याकडे एक कसोटी आहे, ती वापरून बघा. प्रत्येक सिनेमापुढे दोनच गोष्टी लिहा: पहिल्यांदा बघताना मी कोणाच्या बाजूनं होते, आणि आता कोणाच्या बाजूनं आहे. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर तो सिनेमा टिकलाय. आपलं वय वाढतं, आपण घरातल्या वेगळ्या खुर्चीवर जाऊन बसतो, आणि तिथूनही ज्या सिनेमात काहीतरी दिसतं तो राहतो. ज्यात एकाच खुर्चीची सोय असते, तो पहिल्या वेळी कितीही आवडला तरी मागे पडतो.

‘श्वास’वर हे करून बघू. संदीप सावंत यांचा सिनेमा. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे येतो. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा कोणालाही न सांगता मुलाला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातो. इकडे धावपळ, शोधाशोध. तिकडे हा म्हातारा नातवाला शहर दाखवत फिरतोय, कारण उद्यापासून त्याला काहीच दाखवता येणार नाही. तेव्हा तुम्ही चाळिशीत असाल, मुलगा लहान असेल. तेव्हा सगळं लक्ष अश्विन चितळेच्या त्या पोराकडे जातं, जाणारच. आज तुम्ही आजोबाच्या वयाकडे निघालायत. आता बघा, अरुण नलावडे यांचे हात बघा. तो माणूस बोलतो फार कमी. परक्या शहरात, परक्या शब्दांत सांगितलेली गोष्ट समजून घ्यायची, तिला होकार द्यायचा, आणि मग ती त्या लेकराला सांगायची, हे सगळं त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलंय. आणि तिसऱ्यांदा बघाल तेव्हा डॉक्टरकडे लक्ष द्या. संदीप कुलकर्णी यांनी त्याला ना देव केलंय, ना खलनायक. त्याच्या दारात रोज असे पेशंट येतात. आजोबा परत आल्यावर तो चिडतो आणि त्या चिडण्यातही त्याचं काही चुकत नाही. तिघंही बरोबर आहेत आणि तरी वाईट व्हायचं ते होणारच आहे. वीस वर्षांनीही हा सिनेमा जुना का होत नाही, त्याचं कारण मला तरी यात दिसतं. ऑस्करला भारताकडून पाठवला गेला तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी आपणहून वर्गणी काढली होती, हेही भाचीला सांगा. तिच्या पिढीला ते माहीत नसणार.

‘किल्ला’तही हेच होतं. अविनाश अरुण यांचा सिनेमा, २०१५ ला थिएटरात आला. वडील गेलेला मुलगा, आईची बदली, कोकणातलं नवं गाव, नवी शाळा. मित्र त्याला पावसात किल्ल्यावर टाकून निघून जातात तो प्रसंग भाचीला लगेच कळेल, शाळेत असं कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतंच. पण अमृता सुभाष यांची आई सरकारी कचेरीत एकटी बसून नको त्या कागदावर सही करण्याचा दबाव सोसते, ते तुम्ही बँकेत आयुष्य काढलेल्या बाईनं जास्त ओळखलं असेल. तेवढंच लिहा. ‘मी त्या टेबलाची बाजू ओळखते’, बस.

‘डोंबिवली फास्ट’बद्दल फार लिहू नका. भ्रष्टाचाराला चिडून एकटाच लढायला निघालेला माधव आपटे पहिल्यांदा हिरो वाटतो, पुढे त्याच्या बायको-मुलांची काळजी वाटायला लागते. सिनेमा दोन्ही भावनांना जागा देतो. पुरे.

‘कोर्ट’साठी मात्र वेळ काढा, कारण एकोणीस वर्षांची मुलगी अर्ध्यात बंद करण्याची सगळ्यात जास्त शक्यता याच सिनेमाची आहे. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसांना बोलू दिलंय. विरा साथीदार यांनी केलेला लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. खटला रखडतो. तारखा पडतात. पण भाचीला सांगा, सरकारी वकील बाईंवर नजर ठेव. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती बाई जुने कायदे वाचून दाखवते, आरोपीला आत ठेवा म्हणून मागणी करते. कोर्ट सुटल्यावर लोकलनं घरी येते, पोराला घेते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. आपल्या सोसायटीतली बाई. मला हा सिनेमा विसरता येत नाही तो याच बाईमुळे. तिच्यावर राग धरावा म्हटलं तर राग धरायला जागा सापडत नाही, आणि न धरावा तर तो शाहीर तुरुंगात आहे. आणि शेवट. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, दालन काळोखात जातं. इथे सिनेमा संपला असं वाटतं. तो संपत नाही, न्यायाधीशांच्या मागोमाग सहलीला जातो. का जातो, हे तिला सांगू नका. तिनं बघून तुम्हाला फोन करावा.

शेवट न सांगण्याची ताकीद ‘सैराट’ला दुप्पट लागू. तो तिनं कधीतरी तुकड्यातुकड्यांत बघितलेलाही असेल. गाणी तर लग्नाच्या वरातीत पाठ झालेली असणार. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१६ च्या एप्रिलमध्ये आला आणि शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी सिनेमा ठरला, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या ‘का’मध्ये हैदराबाद लिहा. बंगल्यात वाढलेली, बुलेट चालवणारी आर्ची झोपडपट्टीतल्या खोलीत येते. तिला स्वयंपाक येत नाही, परसाकडेला जायची लाज वाटते, घरची आठवण येते. परश्या संशयानं तिच्यावर हात उचलतो. प्रेमाच्या सिनेमात हे सहसा दाखवत नाहीत, पळून गेले की संपतं. इथे पळून गेल्यावर संसार सुरू होतो, आणि त्यांना आसरा देणारी, छाया कदम यांची सुमन अक्का नसती तर तो सुरूही झाला नसता. तिशीच्या आत बघितला तर आर्ची-परश्या दिसतात. तुमच्या-माझ्या वयाला सुमन अक्का दिसते.

आता ‘लंचबॉक्स’. हा तुमच्या यादीतला एकटा हिंदी, आणि तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून यावर तुम्ही भाचीला जे सांगू शकता ते पुण्या-मुंबईचं माणूस सांगणार नाही. २०१३ चा, रितेश बत्रा यांचा. डबेवाल्यांच्या हातून एक डबा चुकीच्या टेबलावर जातो, आणि इला नावाच्या गृहिणीची नि साजन फर्नांडिस नावाच्या निवृत्तीला आलेल्या कारकुनाची चिठ्ठ्यांतून ओळख होते. हा साजन निवृत्तीनंतर कुठे जाणार असतो? नाशिकला. मुंबईत आयुष्य झिजवलेल्या माणसाच्या डोक्यातलं नाशिक: स्वस्त, शांत, उरलेले दिवस काढायला बरं. आपण इथं नोकऱ्या केल्या, पोरं वाढवली, द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये ताटकळलो, आणि तिकडे कोणासाठी तरी आपलं गाव म्हणजे शेवटचं स्टेशन आहे. सिनेमा नाशिकला नावं ठेवत नाही. पण इरफान खान यांनी ‘नाशिक’ या शब्दात भरलेला थकवा आपल्याला जरा जास्त ऐकू येतो. साजन गाडीत बसतो, निघतो आणि मग परत फिरतो. पुढे त्यांची भेट होते की नाही, ते दाखवलेलंच नाही. माझ्या ओळखीत कोणी म्हणतं झाली, कोणी म्हणतं नाही, आणि प्रत्येकजण आपल्या त्या वेळच्या मनाप्रमाणे सांगतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर कधी दिसतच नाहीत, भारती आचरेकर यांचा नुसता आवाज येतो आणि दोरीला बांधलेली टोपली. तरी त्या बाईंचा अख्खा संसार आपल्याला ठाऊक होतो: अंथरुणाला खिळलेला नवरा, त्याची पंख्यावर लागलेली नजर. न दाखवता इतकं दाखवलेलं मी फार कमी सिनेमांत बघितलंय.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’लाही नाशिककर म्हणून तुमच्याकडे जास्तीचं काही आहे. परेश मोकाशी यांनी दादासाहेब फाळक्यांना रडवलेलं नाही. नंदू माधव यांचे फाळके घरातलं सामान विकताना हसतात, डोळे जायची वेळ आली तरी सिनेमा बघायचं सोडत नाहीत, आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळं शिकतात. तो सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’च्या यशापर्यंत आणि त्यानंतरच्या लंडनवारीपर्यंत येऊन थांबतो. पुढचं आपल्याला माहीत आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस आपल्या गावात स्टुडिओ करून सिनेमे काढत होता. बोलपट आले, काळ पुढे गेला, १९३७ चा ‘गंगावतरण’ शेवटचा ठरला आणि १९४४ च्या फेब्रुवारीत फाळके नाशिकलाच गेले. तेव्हा त्यांची विचारपूस करणारं सिनेमाच्या धंद्यात फारसं कोणी उरलं नव्हतं. हे मनात धरून तोच आनंदी सिनेमा बघितला की त्यातलं हसू वेगळं लागतं. भाची नाशिकला आली की तिला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात न्या. पण सिनेमा आधी दाखवा, स्मारक नंतर.

‘अस्तु’ला तुम्ही यादीत शेवटी-शेवटी टाकलं नाहीत, मधे ठेवलंत, हे बरं केलंत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या सिनेमात डॉ. मोहन आगाशे स्मृती हरवलेले संस्कृत पंडित आहेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्यामागे चालत जातात. माहुताची बायको, जिची भाषा वेगळी, ती त्यांना खाऊपिऊ घालते आणि ते तिला आई म्हणायला लागतात. इकडे मुलगी त्यांना शोधतेय, चिडतेय, थकलीय. एकोणीस वर्षांच्या मुलीला हा आत्ता भिडेलच असं नाही. तरी यादीत असू दे. घरात तसं माणूस असलं की आठवेल.

मग ‘बनवाबनवी’. ‘श्वास’च्या शेजारी तो शोभतो का, असा मुलाचा प्रश्न. माझ्या मते छान शोभतो. त्याची गंमत सगळ्यांना पाठ आहे. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारं वाक्य, लिंबू कलरची साडी, ही आपल्या घराघरांतली बोली होऊन गेलीय, आणि सिनेमा न बघितलेली पोरंसुद्धा ती वाक्यं टाकतात. पण हसण्याच्या खाली काय आहे ते बघा. चार तरुण, पुण्यात नोकरी-धंद्याच्या शोधात, आणि राहायला जागा नाही. घरमालकीण जोडप्यांशिवाय खोली देणार नाही, म्हणून दोघं बायका होतात. सगळी फसवाफसवी एका खोलीसाठी. ही गोष्ट ज्या ‘बीवी और मकान’वरून घेतली तो १९६६ चा, म्हणजे अडचण त्याहूनही जुनी. तुमच्या भाचीच्या मैत्रिणींना विचारा, एकट्या मुलींना फ्लॅट भाड्यानं मिळताना कशाकशाची उत्तरं द्यावी लागतात. वसंत सबनीसांचं लेखन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं टायमिंग, सचिन पिळगावकर यांनी बांधलेला वेग हे सगळं आहेच. पण त्या खोलीची गरज खरी आहे म्हणून त्यातलं खोटं बोलणं आपल्याला आजही माफ करावंसं वाटतं. आणि हो, आधी आपण पोरांच्या बाजूनं असतो, पुढे कधीतरी घरमालकीण लीलाबाई काळभोर यांची दया यायला लागते. म्हणजे माझ्या कसोटीलाही तो उतरला! लोक काय म्हणतील म्हणून एकही नाव काढू नका, आणि लोकांनी वा म्हणावं म्हणून एकही घालू नका. तसं केलंत तर भाचीला मावशीची यादी मिळणारच नाही.

राहिला ‘नटसम्राट’. मला ठाऊक आहे, या गावात यावर बोलणं सोपं नाही. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं नाटक, तात्यासाहेबांचं गाव. म्हणून आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. १९७० साली रंगभूमीवर आलेलं नाटक एक, आणि २०१६ च्या १ जानेवारीला आलेला महेश मांजरेकर यांचा सिनेमा दुसरा. सिनेमा बंद केलात म्हणजे कुसुमाग्रजांना नाकारलंत असं होत नाही. सिनेमात नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर येतात ते प्रसंग मी आजही बघते, दोन म्हाताऱ्या नटांची मैत्री, तिच्यातली चढाओढ आणि माया त्यात आहे. बाकी ठिकाणी मला वाटतं सिनेमा आपल्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही. दुःख आलं की संगीत वर चढतं, मुलं-सुना वाईट ठरतात आणि आपण अप्पा बेलवलकरांशेजारच्या एकाच खुर्चीत बसून रडतो. पहिल्यांदा ते रडणं पूर्ण खरं असतं. तुमचंही खरंच होतं, त्याबद्दल मनात शंका आणू नका. दुसऱ्या वेळी दुसरीकडे बसावं म्हटलं तर तशी जागाच नसते. नाटकाची संहिता मात्र काढून वाचा. तिथे अप्पांचा ताठा, त्यांचं सुनेला न झेपणारं वागणं कुसुमाग्रजांनी लपवलेलं नाही. सून चुकते, पण तिला काय जड जातंय ते कळतं. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: सिनेमा यादीतून काढा, आणि भाचीला नाटकाचं पुस्तक द्या. रडलात त्याचा हिशोब यादीत मांडायची गरज नाही.

मोकळ्या झालेल्या दहाव्या जागेवर मी ‘फँड्री’ सुचवीन, तुम्ही बघितला नसेल तर आधी तुम्ही बघा. डुक्कर पकडायला निघालेलं कुटुंब, ते आता हाताशी येणार इतक्यात शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात, डुक्कर निसटतं. कोणी भाषण करत नाही. किशोर कदम यांचा बाप नुसता उभा आहे. भाचीला हा ‘सैराट’च्या आधी बघायला सांगा, म्हणजे त्याच दिग्दर्शकाच्या गाण्यांमागे काय होतं ते तिला कळेल.

शेवटी थोडं व्यवहाराचं. दहाच्या दहा एकदम पाठवू नका, होस्टेलवर ती यादी फोनमध्ये पडून राहील. आधी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘लंचबॉक्स’ पाठवा, दोन्ही हलक्या हातानं धरून ठेवणारे आहेत. ‘कोर्ट’ आणि ‘श्वास’ ती नाशिकला आल्यावर तुमच्याबरोबर, टीव्हीवर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सिनेमा संपल्या संपल्या ‘कसा वाटला’ विचारू नका. जेवताना विचारा, ‘तू कोणाच्या बाजूनं होतीस?’ आणि तिच्याकडूनही दहा नावं मागून घ्या, ‘का’सकट. त्यातले निदान तीन तुम्ही तिच्याआधी बघून ठेवा.